कानबाईच्या पायाशी पंचवीस लाख

१

सुकदेव बिरारीच्या घरची कानबाई यंदा पंचवीस लाख रुपये पायाशी घेऊन तापीवर गेली आणि परत आला तो नुसता नारळ.

खानदेशातून सुरतेत आलेल्या घरांत श्रावणातल्या एका रविवारी कानबाई बसते. पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या नारळाला डोळे लावायचे, नथ घालायची, लुगडं नेसवायचं, नैवेद्याच्या जाड पोळ्या, म्हणजे रोट, खायच्या, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायचं. नारळ पाण्यात बुडवून घरी परत आणायचा. देवीच्या बैठकीखालचे गहू मात्र लाल फडक्यासकट नदीत सोडायचे. यंदा त्या गव्हांत लॉटरीचं तिकीट होतं. पहिल्या बक्षिसाचं.

गुजरातेत लॉटरीला बंदी आहे. म्हणून गावाहून परतणारा सुरतेचा खानदेशी माणूस नवापूरला जरा थांबतो. तिथल्या स्टेशनाच्या मधूनच दोन राज्यांची हद्द जाते; मोह महाराष्ट्रात उरकायचा आणि घरी यायला गुजरातेत पाय टाकायचा. आषाढात एका दहाव्याहून परतताना सुकदेव आणि त्याची बायको हर्षदा असेच थांबले. नंबर सुकदेवने निवडला, शंभराची नोट हर्षदाने काढली. चौदा वर्षांच्या संसारात दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. पुढच्याच आठवड्यात समाजाच्या पंचांपुढे त्यांची काडी मोडली. कोर्टातला घटस्फोट तेव्हा चालू होता, अजूनही चालूच होता.

आणि श्रावणात नंबर लागला.

"काडी मोडली आषाढात, नंबर लागला श्रावणात," सुकदेव पंचांना म्हणाला. "तिचा काय संबंध?"

पंचांनी, पंचांना शोभेल असा, कोणालाच न आवडणारा तोडगा काढला. कोर्टाचा निकाल लागला की निम्मं-निम्मं. तोवर तिकिटाला दोघांनीही हात लावायचा नाही. विसर्जनापर्यंत ते कानबाईच्या पायाशी राहील, मग पंचांच्या कपाटात जाईल. देवीवर दोघांचाही विश्वास होता. एकमेकांवर नव्हता, एवढंच.

पंचांच्या कपाटापर्यंत ते पोचलंच नाही.

२

पंडित अहिरराव विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करत असे. साड्यांचं गोदाम जळालं की राखेत उभं राहायचं आणि खरोखर किती माल जळाला, किती आदल्या रात्रीच टेम्पोत बसून निघून गेला, ते ठरवायचं, हा त्याचा धंदा. वीस वर्षांत तो एकच गोष्ट शिकला होता: जळालेल्या मालाची राख असते, न जळालेल्या मालाची फक्त यादी असते.

गणपतीचे दिवस होते. गुरुवारी संध्याकाळी हर्षदा त्याच्या दिंडोलीच्या घरी आली. बाहेर मंडळाचा स्पीकर आरतीच्या नावाखाली काहीतरी भलतंच वाजवत होता.

"दादा, सोमवारी कोर्टात मला सही करायचीय," ती म्हणाली. "तिकीट माझ्या हातून गेलं, म्हणून पैशावर माझा हक्क नाही. आणि योगिता तिच्या बापाकडे राहील."

"पैशाचं समजलं. पोरीचं काय मध्येच?"

"वकील म्हणतो, जज विचारणार, पोरीला ठेवणार कुठे? भावाच्या पडवीत राहतो आम्ही दोघी. वहिनी रोज भांडी जरा जोरात ठेवते. निम्मे पैसे आले असते तर नवागामात एक खोली घेतली असती, माझ्या नावावर. आता खोली गेली, मग पोरगी जाणार."

ती रडत नव्हती. नुकसानीच्या पाहणीत पंडितला रडणाऱ्यांपेक्षा न रडणाऱ्यांची भीती जास्त वाटे.

"तुम्ही पाण्यात काय सोडलं, ते सांगा."

"लाल फडकं. गाठ मारलेलं. तिकीट त्याच्या आत, गव्हांत खोचलेलं होतं. सासूबाई ते काढायला विसरल्या, असं सगळे म्हणतात. माझ्या हातात गाठोडं आलं, मी गुडघाभर पाण्यात गेले, गाठ सोडली, गहू ओतले आणि फडकं सोडून दिलं. आत बघायचं नसतं, तसं मी बघितलं नाही."

"दर वर्षी तुम्हीच ओतता?"

"नाही, सासूबाई. यंदा त्यांचे गुडघे धरलेत. मग हे म्हणाले, हर्षदाला द्या."

"काडी मोडल्यावर तुम्ही गेलातच कशाला?"

"हेच घ्यायला आले होते, दादा. पोरीसाठी ये म्हणाले. मला वाटलं..." तिने वाक्य सोडून दिलं. "आणि आता बघा कसं वागतात! पोळ्याच्या आदल्या दिवशी माझ्या साड्या आणायला गेले, तर दारातच अपमान. साड्या घे नि नीघ, म्हणे. माळ्यावर माझी पेटी, तिच्याशेजारी डबा, तो जरा सरकवायला गेले तर अंगावर आले. रोटाचं पीठ आहे, हात नको लावू, तू आता आमच्यातली नाहीस! चौदा वर्षं ज्या घरात चूल पेटवली, त्या घरात मी विटाळ झाले."

पंडितने मान हलवली. अपमानांची यादी विमा कंपनी मंजूर करत नाही, त्यामुळे ती लक्ष देऊन ऐकायची त्याला सवय नव्हती. हे त्याला पुढे महागात पडणार होतं. निदान पलसाणा ते दिंडोली एवढ्या पेट्रोलाला.

३

सुकदेव नवागामात एका खोलीत एकटाच राहत होता. यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होता; बिघडलेला माग आवाजावरून ओळखायचा. बाकी जगाचा आवाज त्याला कमी ऐकू येई, म्हणून तो ओरडून बोले.

"आलात? तिनंच पाठवलं ना? बसा! चहा सांगू?"

खोली स्वच्छ होती. एकट्या पुरुषाची खोली स्वच्छ असली की पंडितला नेहमी थोडं संशयास्पद वाटे. माळ्यावर दोन पेट्या होत्या, शेजारी पत्र्याचा एक डबा, झाकणावर हळदकुंकू.

"तिकीट शेवटचं कधी पाहिलंत?"

"रविवारी संध्याकाळी. आईने माझ्यासमोर गव्हांत खोचलं. प्लास्टिकच्या पाकिटात होतं, धाकट्या योगराजने आणलेलं, दाबून बंद होणारं. पाऊसपाणी लागू नये म्हणून! आणि हिनं डायरेक्ट नदीत घातलं!"

"मुद्दाम?"

"मुद्दाम कशाला? अक्कल नाही म्हणून! मला दुःख नाही का? माझेही गेले ना पंचवीस लाख!"

"निम्मे," पंडित म्हणाला.

सुकदेवचं ओरडणं मध्येच तुटलं. मागाचा एक धागा तुटावा तसा.

"हां, निम्मे," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हळू बोलला.

निघताना पंडितने दारात वळून विचारलं, "हर्षदाताईंना कानबाईला तुम्हीच बोलावलंत?"

"आई मागे लागली होती. नाहीतर मी कशाला बोलवू?"

दोन माणसं, एक आमंत्रण, आणि कारणं दोन. पंडित जिना उतरला. खाली गणपतीसमोर पत्ते खेळणाऱ्या पोरांनी त्याला पाहून पत्ते झाकले; त्याचा चेहराच तसा होता.

४

सुकदेवचा धाकटा भाऊ योगराज पलसाण्याला साड्या रंगवायच्या एका मिलमध्ये सुपरवायझर होता. विसर्जनापासून आई मालतीबाई त्याच्याकडेच राहत होती. योगराजचा जन्म सुरतेतला. तो घरात अहिराणी ऐकायचा, मिलमध्ये हिंदी बोलायचा आणि खोटं गुजरातीत बोलायचा.

"काका, टेन्शन नै लेवानु," तो पंडितला म्हणाला. "भाभीनी भूल थई गई. बीजुं कंई नथी."

"चूक भाभीची, एवढं कळलं. योगराज, बाकीचं मराठीत सांग."

योगराजने मिलच्या दिशेने पाहिलं, मग घराच्या, मग स्वतःच्या चपलांकडे. "काका, कानबाईच्या आदल्या दिवशी मी एक शेठ आणला होता. शेठ म्हणजे... पार्टी. ते लागलेलं तिकीट रोख घेतात. बक्षिसातनं टॅक्स कापून हातात येणार साडेसतरा. पार्टी देणार वीस, रोख. त्यांचे काळे पैसे गोरे होतात, आपल्याला अडीच जास्त. कोर्टाला पत्ता नाही, भाभीला पत्ता नाही. सगळे खूश."

"सगळे म्हणजे भाभी सोडून."

"ते तर आहेच."

"भाऊ काय म्हणाला?"

"नाही म्हणाला! आईसमोर माझ्या थोबाडीत मारली. देवीच्या पायाशी जायचंय ते, दलाली करतोस? मी बोललो सॉरी. आता तर तिकीटच गेलं, पार्टी तरी पण रोज फोन करते. तिला सांगितलं, तापीला विचार."

"ज्या पाकिटात तिकीट होतं, तसलं एखादं आहे?"

होती, ढीगभर होती. साड्यांचे नमुने त्यातच जात. पंडितने एका पाकिटात आपलं व्हिजिटिंग कार्ड घातलं, ते दाबून बंद केलं, पाण्याच्या बादलीत मूठभर गव्हांबरोबर ओतलं. गहू तळाशी गेले. पाकीट वर आलं आणि निवांत तरंगत राहिलं.

"विसर्जनाला घाटावर किती जण होते?"

"अर्धं नवागाम," योगराज बादलीकडे बघत म्हणाला. "भाभीच्या हाताकडेच बघत होते सगळे. फडकं दिसलं वाहताना. हे... हे नाही दिसलं कोणाला."

म्हणजे गाठोडं नदीवर निघालं तेव्हाच तिकीट त्यात नव्हतं. पण रात्रभर कानबाईपुढे गाणी चालू होती, बायकांनी खोली भरली होती. पंचवीस लाखांवर चाळीस डोळे असताना ते घेतलं कोणी, आणि कधी?

उत्तर मालतीबाईंकडे होतं. त्या खाटेवर गुडघ्यांना तेल चोळत बसल्या होत्या.

"बस रे पंडित. चहा लेस का?" त्या म्हणाल्या. "खोली कधी रिकामी व्हती, आसं इचारस? रोट खाताना! तवय परकं मानूस घरात चालत नही. शेजारना बाया बाहेर काढ्यात, दार लावं. रोट फक्त भाऊबंदनी खावाना."

"मग आत कोण कोण होतं?"

"मी, मना दोन्ही आंडोर, हर्षदा, आन नात. योगराजनी बायको बाळंतपनले मायेरले जायेल शे."

म्हणजे आई, दोन मुलगे, सून, नात: बंद दाराआड पाच माणसं. चोर त्यांतलाच. आणि पंडितच्या कानाला दुसरंही काहीतरी खटकलं.

"हर्षदा रोटाला होती? काडी मोडल्यावर?"

मालतीबाईंनी तेलाची वाटी खाली ठेवली. "घरमा जितला मानसं, तितल्या मुठी गहू दळतस. तिनी मूठ मी सोता टाकी. काडी पंचेसनी मोडी, कानबाईनी नही. सुकदेव समोर बसेल व्हता, काही बोलना नही. तिनी खाधा, पोरनी खाधा. पीठ त्याच रातले सरी गयं. उरेल रोट बी पुनीवना आत सराले पायजे, म्हनीसन मी आन योगराजनी सकायना चहासंगे संपाडात. देवीनं काम, शिळं ठेवत नहीत."

पंडितने चहा संपवला, नमस्कार केला आणि मोटरसायकलला किक मारली. हायवेवर मिलच्या चिमण्यांचा धूर, ट्रकांची रांग, आणि चलथाणकडून येणारा उसाच्या मळीचा वास. पुलाजवळ पोचता पोचता त्याने गाडी अशी अचानक बाजूला घेतली की मागच्या टेम्पोवाल्याने त्याच्या तीन पिढ्यांचा गुजरातीत उद्धार केला.

पंडितने फोन लावला.

"हर्षदाताई, पोळ्याच्या आदल्या दिवशी सुकदेव काय म्हणाला होता? अपमान बाजूला ठेवा. त्याच्या आधीचं वाक्य सांगा."

५

रविवारी दुपारी सुकदेवच्या खोलीत सात माणसं दाटीवाटीने बसली होती. मालतीबाई एकुलत्या एका खुर्चीवर. योगराज दाराशी, पळता येईल अशा बेताने. समाजाचे दोन पंच भिंतीला टेकून. हर्षदा उंबऱ्याच्या आत एक पाऊल, तेवढंच. सोमवारचा कागद सुकदेवच्या खिशात घडी घालून तयार होता. खाली गणपतीचा स्पीकर भजन म्हणत होता.

"पटकन बोला," सुकदेव म्हणाला. "माझी पाळी आहे कारखान्यात!"

"पटकनच सांगतो," पंडित म्हणाला. "तिकीट तापीत गेलं नाही. ते पाकीट तरंगतं. अर्धं नवागाम घाटावर होतं, कोणाला दिसलं नाही. म्हणजे रोटाच्या वेळी, बंद दाराआड, पाचांपैकी कोणीतरी ते काढलं. मालतीबाईंना काढायचंच असतं तर देवीपुढून उचलायला कोणी अडवलं नसतं. घर त्यांचं, देवी त्यांची. नातीला त्या कागदाचा उपयोग नाही."

"हर्षदा होतीच की!" सुकदेव ओरडला.

"होती. पण तिने घेतलं असतं तर सोमवारी गाठोडं स्वतःच्या हाताने पाण्यात सोडून सगळ्या गावाचा दोष अंगावर घेतला नसता. तिकीट तिच्याकडे असतं तर ती पोरीवर सही करायला निघाली नसती. राहिले दोन भाऊ. योगराजकडे रोख देणारी पार्टी होती."

योगराजने दाराची कडी चाचपली.

"पण पार्टी त्याला अजून रोज फोन करतेय. ज्याने माल विकलाय त्याला गिऱ्हाईक फोन करत नाही. आणि याने चोरलं असतं, तर गिऱ्हाईक दारात असताना महिनाभर थांबला नसता."

"मग राहिलो मी?" सुकदेव हसला. "मी माझंच तिकीट चोरलं? पार्टी आली तेव्हा याच्या थोबाडीत कोणी मारली?"

"आईसमोर मारलीत. कल्पना आवडली होती. साक्षीदार आवडले नाहीत. म्हणून काडी मोडलेल्या बायकोला स्वतः जाऊन घेऊन आलात आणि गाठोडं तिच्या हाती द्यायला लावलंत. सोमवारी तिची सही झाली की योगराजच्या पार्टीला फोन तुम्ही केला असता."

"बोलायला काय जातंय! तिकीट दाखवा. झडती घ्या खोलीची!"

पंच एकमेकांकडे पाहू लागले. पंडितने झडती घेतली नाही. तो मालतीबाईंकडे वळला.

"मावशी, रोटाचं उरलेलं पीठ तुमच्याकडे कुठे ठेवतात?"

"काय बोलस तू?" मालतीबाई चिडल्या. "त्या रातलेच सरी गयं, सांगं ना तुले! रोटनं पीठ उरत नही, ठेवत बी नहीत."

"मग माळ्यावर काय आहे?"

सगळ्यांच्या माना वर गेल्या. पत्र्याचा डबा; झाकणावर हळदकुंकू.

"ते... ते साधं आहे," सुकदेव म्हणाला. "गव्हाचं. रोजचं."

"मला सांगितलंत रोटाचं आहे," हर्षदा म्हणाली. तिचा आवाज त्या दुपारी पहिल्यांदाच उमटला होता. "हात लावू नको म्हणालात. तू आमच्यातली नाहीस म्हणालात."

"इथेच सगळे चुकलो आपण," पंडित म्हणाला. "माणसाला शिवी दिली की तो शिवीतच अडकतो, अलीकडचं ऐकतच नाही. ताई ‘आमच्यातली नाहीस’वर अडकल्या, मीही. पौर्णिमेनंतर पंधरा दिवसांनी रोटाचं पीठ आलं कुठून, हे ना त्यांना सुचलं, ना मला. बिरारींचा हा मुलगा मागाचा प्रत्येक धागा ओळखतो. रोट मात्र त्याला ताटात पडल्यावरच दिसतो. पीठ कधी संपतं ते त्याने कधी पाहिलं नाही. फक्त भीती ठाऊक होती: रोट म्हटलं की परका हात लावत नाही. तिजोरीपेक्षा चांगलं कुलूप. ते मीही उघडणार नाही. मी तुमच्या भाऊबंदांतला नाही."

"मग विषय संपला!" सुकदेव उठून माळ्याखाली उभा राहिला. "हे दोन पंचही परके. योगराज, तू हात लावशील?"

योगराजने भावाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

खुर्ची करकरली. मालतीबाई दुखऱ्या गुडघ्यांवर उभ्या राहिल्या होत्या.

"हर्षदा, डबा काढ."

"आई, ती आमच्यातली नाही!"

"मी तिनी मूठ टाकी, तवय तू समोर बसेल व्हता," मालतीबाई म्हणाल्या. "कानबाईना समोर. तवय तोंड शिवेल व्हतं का तुनं? परकी व्हती, तर परकीले रोट खाऊ दिधा तू. घरनी व्हती, तर डबा तिना बी शे. काय ते एक बोल."

पंचांपुढे, कोर्टापुढे, बायकोपुढे सुकदेव कितीही ओरडू शकत होता. पण कानबाईचा रोट परकीला खाऊ घातला असं म्हणायची छाती खानदेशात कोणाची नाही. सुरतेत तर नाहीच, कारण इथे देवी चुकली तर दुसरी आणायला गाव लांब आहे.

तो बाजूला झाला.

हर्षदाने स्टुल ओढलं. डबा खाली घेतला, झाकण उघडलं, कोपरापर्यंत हात घातला. पीठ हवेत उडालं. खालचं भजन नेमकं त्याच वेळी थांबलं. तळाला तिची बोटं थांबली. हात वर आला तेव्हा पिठाने पांढरा झालेला होता आणि त्यात दाबून बंद केलेलं एक पाकीट होतं. आतला नंबर कोरा करकरीत होता.

६

सोमवारचा कागद तिथेच नवा लिहिला गेला. निम्मं-निम्मं, योगिता आईकडे. दोन्ही पंचांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. इतक्या चटकन सही करायची त्यांची ही पहिलीच वेळ असावी. सुकदेवने सही करायला घेतली तेव्हा पेन उलटं धरलं होतं, आणि कोणी हसलं नाही. पंचांच्या सांगण्यावरून तिकीट पंडितच्या खिशात गेलं. नुकसानीचा अहवाल त्याने मनातल्या मनात पुरा केला: नुकसान, काही नाही, संसार सोडून. तो विम्यात बसत नाही.

साडेसतराचे निम्मे म्हणजे पावणेनऊ. नवागामात तेवढ्यात एक खोली येते. दुसरी नाही, पण एक येते.

हर्षदा निघायला उठली तेव्हा मालतीबाई जमिनीवर बसून डब्यातलं पीठ चाळत होत्या. महिनाभरात त्यात किडे झाले होते.

"टाकून द्या आता ते, आई," ती म्हणाली. "आई" तिच्या तोंडून सवयीने गेलं. तिने ते परत घेतलं नाही.

"पीठ टाकतस का कोनी?" मालतीबाईंनी चाळलेल्या पिठात पाणी घातलं. "गॅस लाव."

तिने लावला. चौदा वर्षं लावला होता तसाच, मागे न बघता हात काडेपेटीकडे गेला. पोळ्या झाल्या. पंचांना मिळाल्या, योगराजला मिळाल्या, सुकदेवच्या पुढ्यातही एक ताट सरकवलं गेलं. पंडितने संकोचाने विचारलं, मला चालेल ना?

"खा," हर्षदा म्हणाली. "साधंच पीठ आहे. कोणालाही चालतं."

मग तिने दोन पोळ्या कागदात गुंडाळल्या, योगितासाठी, आणि उंबरा ओलांडला.